ईसीजी लॅमिनेट करू नका : अब्लेशननंतरची फाईल

मला ए-फिब होता, म्हणजे हृदयाची बेताल धडधड. त्यावर अब्लेशन झालं, म्हणजे हृदयात नळी नेऊन केलेला उपचार. माझी चूक आधी सांगतो. अब्लेशनच्या आधीचा ईसीजी जपून राहावा म्हणून मी सोलापूरच्या नवी पेठेत लॅमिनेट करायला दिला. मशीनमधून बाहेर आला तो काळाकुट्ट. दुकानदाराचा दोष नाही, तो गुळगुळीत कागद उष्णतेवरच उमटतो. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) फोटोंचंही बऱ्याचदा तसंच. तेव्हा घरी येताच साधी झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो घ्या, आणि सोलापूरच्या मे महिन्यात मूळ कागद स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.

सुताच्या पेढीवर ३६ वर्षं खातेवही लिहिली, त्यामुळे मी हृदयाचंही एक खातं उघडलंय. रकाने असे : तारीख, इको करताना ताल कोणता होता, नाडी, बीपी, वजन, ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त पुढे ढकलतं) आणि हृदयाचा डावा वरचा कप्पा.

शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. ए-फिबमध्ये हा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो. वर्षानुवर्षं थरथरला की ताणतो, मग पुन्हा थरथरणं त्याला सोपं जातं. थरथरीची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, हे बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवलं. अब्लेशन म्हणजे त्या तोंडांभोवती घातलेलं कुंपण. पण कप्पा तोच राहतो, म्हणून त्याचं माप धरायचं.

रिपोर्टवर नुसतं ‘एलए ४४ एमएम’ (एलए म्हणजे हाच कप्पा) असेल तर समाधान मानू नका, ते एकाच बाजूचं माप. ‘एलएव्हीआय’ मागा, म्हणजे शरीराच्या मानाने कप्प्याचं आकारमान. ३४ पर्यंत ठीक. माझा अब्लेशनआधी ४३ होता, वर्षाने ३६. मध्येच एकदा ४१ आला आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरली. खातं उघडून पाहिलं तर मशीन वेगळं, इको करणारे डॉक्टर वेगळे. पुढच्या खेपेला जुन्याच ठिकाणी केला, ३६ च निघाला. शक्यतो जागा बदलू नका.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड झाली तर अब्लेशन फसलं असं लगेच म्हणत नाहीत, आतली जखम भरत असते. डॉक्टरांना मात्र कळवायचं. त्यानंतर ३० सेकंदांहून जास्त टिकलेला ए-फिब नोंदला गेला, तर तो परत आला असं धरतात. कधी कधी तो कळतही नाही, म्हणून मला बरं वाटत असलं तरी सांगितलेला होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी, मी चुकवत नाही.

रक्त पातळ करायची गोळी मी वर्षाने बंद करायला निघालो होतो. ताल छान, मग कशाला? डॉक्टरांनी बोटांवर मोजून दाखवलं : वय ६७, बीपी, साखर. गोळी या जोखमीवर ठरते, तालावर नाही. शिवाय गुठळी बहुधा कप्प्याच्या कानासारख्या पिशवीत होते. ती छातीवरून केलेल्या इकोत नीट दिसत नाही, त्यासाठी घशातून इको करतात. म्हणजे साधा इको चांगला आला म्हणून गोळी सोडायची नाही.

वजनाचा रकाना बायकोने घालायला लावला. अॅडलेडच्या डॉक्टरांनी २०१५ साली ए-फिबच्या जाड रुग्णांवरचा अभ्यास छापला. त्यात ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांचा ताल टिकण्याची शक्यता सुमारे सहापट निघाली. मी ८८ वरून ७९ वर आलोय. कडक भाकरी सोडलेली नाही, तिच्यावरचं शेंगाचटणी-तेल मात्र मोजून.

फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईत एक चिठ्ठी लावा : ‘अब्लेशन अमुक तारखेला झालंय. दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं किंवा तोंड-हात वाकडं झालं तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. आधी छातीचा सीटी, घशातून दुर्बीण घालू नका.’ अब्लेशनमुळे अन्ननलिकेला भोक पडणं फार दुर्मीळ, पण पडलं तर जिवावर बेततं, आणि गावातला डॉक्टर साधा ताप समजू शकतो.

पुण्याहून मिळालेली सीटीची सीडी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. हुतात्मा एक्सप्रेसने सीडी घेऊन पुण्याला गेलो, तर तिथल्या कॉम्प्युटरला ती घालायला जागाच नव्हती.