नवं नाटक बघायचंय? आधी अभिप्राय पारखा, मग बुकिंग शुल्काचा हिशेब करा

नाटकाचा शुभारंभ शनिवारी झाला की रविवार दुपारपर्यंत ‘अजिबात चुकवू नका’ आणि ‘पैसे फुकट गेले’ असे दोन्ही निरोप फोनवर येऊन पडलेले असतात. लिहिणारे दोघेही खरं बोलत असतात. नाटक दर प्रयोगाला नव्याने उभं राहतं, नाट्यगृह बदललं की आवाज बदलतो, आणि चौथ्या रांगेतून दिसतं ते बाल्कनीच्या टोकावरून दिसत नाही. म्हणून अभिप्राय वाचताना आधी हे बघा की तो कितव्या प्रयोगाचा, कुठल्या नाट्यगृहातला आणि कुठल्या खुर्चीवरून दिलेला आहे. तिकिटाच्या बिलाचंही तसंच. त्यातले किती रुपये नाटकाचे आणि किती तिकीट विकणाऱ्याचे, हे वेगळं काढल्याशिवाय ‘नाटक महाग झालं’ असं म्हणता येत नाही.

अभिप्राय कितव्या प्रयोगाचा?

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पुष्कळदा प्रयोग क्रमांक छापलेला असतो. नसेल तर शुभारंभाच्या तारखेपासून अंदाज बांधा. व्यावसायिक नाटकाचे प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी लागतात. महिन्याला आठ-दहा प्रयोग धरले, तर दीड महिन्यापूर्वीचा अभिप्राय हा बारा-पंधरा प्रयोग जुना असतो.

पहिल्या चार-पाच प्रयोगांत ठरावीक गोष्टी बिघडतात. प्रकाश एक वाक्य उशिरा येतो. पार्श्वसंगीत संवादावर चढतं. नेपथ्य हलवताना काळोख लांबतो आणि प्रेक्षागृहात कुजबुज सुरू होते. विनोदी नाटकात आणखी एक अडचण असते. हशा नेमका कुठे येणार हे तालमीत कळत नाही. मग नट थांबत नाही, प्रेक्षक हसत राहतात आणि पुढचं वाक्य त्या हशात बुडतं. ते वाक्य कथेच्या दृष्टीने महत्त्वाचं असेल, तर मागच्या रांगांतल्या लोकांना पुढचा प्रवेश तुटक वाटतो. सहा-सात प्रयोगांनंतर नटाला हशाची जागा आणि लांबी अंगवळणी पडते. दिग्दर्शकही तोवर दहा-पंधरा मिनिटं सहज कापतो. त्यामुळे ‘लांबलंय’, ‘संथ आहे’, ‘वाक्यं ऐकू आली नाहीत’ या पहिल्या आठवड्यातल्या तक्रारींना अर्धंच वजन द्या.

याउलट संहितेची दुखणी सहसा बरी होत नाहीत. दुसऱ्या अंकात कथा भरकटली, शेवट पटला नाही, एखादं पात्र कशासाठी होतं तेच कळलं नाही, अशा तक्रारी तिसऱ्या प्रयोगाला आल्या आणि पंधराव्यालाही आल्या, तर त्या खऱ्या धरा.

शुभारंभाच्या कौतुकालाही थोडी कात्री लावा. त्या रात्री पहिल्या रांगांमध्ये कलाकारांचे नातलग, मित्र, व्यवसायातले सहकारी आणि पत्रकार बसलेले असतात. त्यांचा आनंद खराच असतो, पण तो तिकीट काढून आलेल्या माणसाचा नसतो. सगळ्यात उपयोगी अभिप्राय साधारण दहाव्या ते पंचविसाव्या प्रयोगातले. नाटक बसलेलं असतं आणि कलाकार अजून सरावलेपणात शिरलेले नसतात.

नाटक शंभरीकडे गेलं असेल तर ताज्या जाहिरातीतली नावं जरूर वाचा. एखाद्या भूमिकेत नवा नट आलेला असतो आणि तुम्ही वाचत असलेलं कौतुक जुन्याचं असतं.

शब्दांमागचं ओळखा

अभिप्रायात कशाचा उल्लेख नाही, ते आधी बघा. नेपथ्य सुंदर, प्रकाशयोजना उत्तम, सगळ्यांची कामं छान, आणि कथेबद्दल एक अक्षर नाही, तर संहिता कच्ची असण्याची शक्यता मोठी. ‘विषय वेगळा आहे’ एवढंच लिहिलं असेल, तर तो विषय नाटकात उतरलाय का, हे लिहिणाऱ्याला थेट विचारा. ‘दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला फोनवर बोलतानाचं वडिलांचं काम बघा’ अशी एक नेमकी ओळ दहा ताऱ्यांपेक्षा मोलाची.

बघून आलेल्या ओळखीच्या माणसाला ‘कसं होतं?’ विचारलं की ‘छान होतं’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा हे विचारा: मध्यंतरात चहाच्या रांगेत लोक नाटकाबद्दल बोलत होते की दुसऱ्याच कशाबद्दल? मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या झाल्या का? किती वाजता सुटलं? शेवटची लोकल किंवा बस गाठायची असेल, तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी.

‘हाऊसफुल्ल’च्या पाटीवरून निष्कर्ष काढताना एक गोष्ट माहीत हवी. एखादं मंडळ, बँक किंवा संस्था अख्खा प्रयोग ठरावीक रकमेला विकत घेते. तो कॉन्ट्रॅक्टचा प्रयोग. नाट्यगृह भरतं, पण प्रेक्षक स्वतः निवड करून आलेला नसतो. एखादं नाटक तिकीट खिडकीवर सलग तीन-चार रविवार भरत असेल, तर तो खरा कौल.

नाटकाशी संबंध नसलेले तारे बाजूला काढा. वातानुकूलन बंद होतं, स्वच्छतागृह घाण होतं, गाडी लावायला जागा मिळाली नाही, बुकिंग शुल्क जास्त लावलं, अशा कारणांनी एक तारा दिलेला असतो आणि सरासरीत तो नाटकाच्या नावावर जमा होतो. दादरचं शिवाजी मंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पुण्याचं बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, प्रत्येक नाट्यगृहाच्या सोयी-गैरसोयी वेगळ्या. तुम्ही ज्या नाट्यगृहात जाणार, तिथल्याच प्रयोगाबद्दल लिहिलेलं शोधा.

खुर्ची आधी, दर नंतर

पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं आणि रंगमंचाच्या मागच्या भागातले पाय दिसत नाहीत. बंदिस्त घराचं नेपथ्य असेल, तर टोकाच्या खुर्च्यांवरून त्याच बाजूचा मागचा कोपरा भिंतीआड जातो, आणि दार नेमकं तिथेच असलं की येणारं पात्र आत आल्यावरच दिसतं. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगांत आवाज दबतो. चौथ्या ते दहाव्या रांगेतली मधली खुर्ची सगळ्यात सुरक्षित. नृत्य किंवा समूहाच्या हालचाली असलेल्या नाटकाला मात्र बाल्कनीची पहिली रांग उत्तम, आणि ती बहुधा स्वस्तही असते. ऐकायला कमी येणाऱ्या आजी-आजोबांना बाल्कनीत बसवून शंभर-दोनशे रुपये वाचवू नका.

बिल उलगडून बघा

ऑनलाइन बिलात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, तिकिटाची किंमत. नाटकाच्या प्रवेशावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. किंमत ५०० च्या वर गेली की फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर १८ टक्के कर लागतो. ५०० चं तिकीट ५०० लाच मिळतं. ५५० च्या तिकिटावर ९९ रुपये कर, म्हणजे ६४९. पन्नास रुपयांच्या फरकाला दीडशे मोजायचे असतात, तेव्हा पुढची रांग खरंच तेवढी चांगली आहे का, ते बघा. दाखवलेल्या किमतीत कर धरलेला आहे की नाही, हेही तपासा.

दुसरी, बुकिंग शुल्क. सुविधा शुल्क, कन्व्हिनियन्स फी, काहीही नाव असो, ते तिकीट विकणाऱ्या ॲपच्या सेवेचं असतं. तिसरी, त्या शुल्कावरचा १८ टक्के जीएसटी. तिकीट करमुक्त असलं तरी हा कर लागतोच. ‘नाटकाला कर नाही, मग हा कसला?’ या प्रश्नाचं उत्तर हे.

समजा शुल्क दर तिकिटामागे ३० रुपये आहे आणि तुम्ही चौघे जाणार. तिकीट ४०० चं असेल तर १६०० अधिक शुल्क १२०, त्यावर कर २१.६०. एकूण १७४१.६०, म्हणजे जवळपास ९ टक्के जास्त. तीच माणसं २०० च्या बाल्कनीत बसली, तर ८०० वर तेच १४१.६०, म्हणजे १७.७ टक्के. ठरावीक रकमेचं शुल्क स्वस्त तिकिटाला जास्त बोचतं. टक्केवारीने घेतलेलं शुल्क महाग तिकिटाला बोचतं. आणि काही ठिकाणी शुल्क तिकिटामागे नसून व्यवहारामागे असतं. तिथे चौघांनी चार फोनवरून तिकिटं काढली की चौपट भरता. एकाने सगळी काढावीत आणि पैसे नंतर वाटून घ्यावेत.

म्हणून दोन ॲपची तुलना करताना तिकिटाची किंमत नाही, शेवटची रक्कम बघा. बुकमायशो असो, तिकिटालय असो की आणखी काही, पैसे भरायच्या पानापर्यंत जा, रक्कम लिहून घ्या, मागे या. एवढ्यात खुर्ची थोडा वेळ तुमच्या नावावर अडकते, ती आपोआप सुटते.

त्याच पानावर ‘देणगी १ रुपया’ किंवा परताव्याचं संरक्षण अशी चौकट आधीच टिक केलेली आहे का, ते बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ॲप आणि संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनेचे १३ प्रकार दिले आहेत. न विचारता टोपलीत वस्तू घालणं, किंमत शेवटच्या टप्प्यावर वाढवणं आणि ‘शेवटच्या २ खुर्च्या’ अशी खोटी घाई करणं हे तिन्ही त्यांत आहेत. आधीच स्पष्ट सांगितलेलं शुल्क मात्र या प्रकारात मोडत नाही.

‘बुकिंग शुल्क घेणंच बेकायदा आहे’ असा निरोप अधूनमधून फिरतो. त्याचा आधार होता राज्य सरकारचे २०१३ आणि २०१४ चे आदेश. ते सिनेमागृहांसाठी होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते रद्द केले. तेव्हा त्या निरोपावरून कुणाशी वाद घालू नका.

शुल्क टाळायचं असेल तर खिडकी

नाट्यगृहाच्या खिडकीवर छापील किमतीलाच तिकीट मिळतं. आतला माणूस प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा कागदावरचा नकाशा, काचेपाशी सरकवतो. विकलेल्या खुर्च्यांवर पेनाने काट मारलेली असते, रिकामी चौकट तुम्ही बोटाने दाखवता, तो तिथे खूण करून तिकिटावर रांग आणि क्रमांक लिहितो. खुर्ची खांबाआड येते का, हे त्याला विचारा. तो नाट्यगृहातली प्रत्येक खुर्ची ओळखतो.

हे जमवायचं तर:

१. जाहिरातीत ‘प्लॅन’ कधी उघडणार, म्हणजे तिकीटविक्री कधी सुरू होणार, ते बघा. चांगल्या खुर्च्या हव्या असतील तर पहिल्याच सकाळी जा.

२. खिडकी बहुतेक ठिकाणी दुपारी बंद असते. वेळ जाहिरातीत असते, नसेल तर फोन करून विचारा.

३. सुटे पैसे न्या आणि यूपीआय चालतं का, तेही विचारून ठेवा.

४. खिडकीवरून हलण्याआधी तिकिटावरची तारीख, वेळ आणि रांग वाचा. दुपारचा आणि रात्रीचा प्रयोग एकाच दिवशी असला की इथेच घोळ होतो.

ऑनलाइन ‘फुल्ल’ दिसलं म्हणून नाद सोडू नका. बऱ्याचदा काही रांगा ॲपला आणि काही खिडकीला वाटून दिलेल्या असतात. जाहिरातीत फोन बुकिंगचा क्रमांक असेल तर तो तिसरा मार्ग. फोनवर राखलेलं तिकीट सांगितलेल्या वेळेत उचललं नाही, तर ते दुसऱ्याला विकलं जातं, आणि त्यात खिडकीचा दोष नसतो.

दोघांच्या तिकिटांसाठी मात्र रिक्षाने जाऊन-येऊन शंभर रुपये घालवण्यापेक्षा सत्तर रुपये शुल्क भरलेलं परवडतं. वाटेवर नाट्यगृह असेल किंवा सहा-आठ जण जाणार असतील, तेव्हा खिडकी गाठा.

पैसे गेले, तिकीट आलं नाही

लगेच दुसऱ्यांदा बुक करू नका. आधी ॲपमधला तिकिटांचा विभाग आणि एसएमएस बघा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. यूपीआयने पैसे कापले गेले पण विक्रेत्याला खात्री पोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. व्यवहार क्रमांकाचं चित्र काढून ठेवा.

प्रयोगच रद्द झाला तर तिकिटाची किंमत परत मिळते. शुल्क परत मिळतं की नाही, हे ॲपच्या अटींत लिहिलेलं असतं. तुम्ही स्वतः रद्द केलंत तर शुल्क बहुधा जातंच.

तुमचा अभिप्राय

बघून आल्यावर लिहाल, तेव्हा तारीख, नाट्यगृह आणि रांग पहिल्या ओळीत द्या. दुसऱ्या अंकातली कलाटणी सांगू नका, ती पुढच्या प्रेक्षकाची आहे. एक आवडलेली आणि एक न आवडलेली गोष्ट नेमक्या प्रवेशासकट लिहा. शुल्काबद्दल राग असेल तर तो नाटकाच्या ताऱ्यांवर काढू नका, कारण ते ठरवणारे रंगमंचावर नसतात. ती तक्रार बिलाच्या चित्रासह ॲपकडे करा, दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर.