चार्जरची पिन सैल का बसते?

केबल जरा हलली की चार्जिंग तुटतं? लगेच फोनचा पोर्ट, म्हणजे पिन घालायची खाच, बिघडला असं धरून चालू नका. बऱ्याचदा खिशातली धूळ-तंतू पिन घालताना आत दाबले जातात, तळाशी घट्ट थर बसतो आणि पिन पूर्ण आत जातच नाही.

फोन बंद करा. लाकडी टूथपिकचं टोक चपटं तासा, टॉर्चच्या उजेडात पोर्टच्या कडेकडेने हलकेच फिरवा आणि कचरा बाहेर ओढा. टाइप-सीमध्ये मधोमध पातळ पट्टी असते, तिच्यावर जोर नको. ती मोडली तर पोर्टच बदलावा लागतो. टाचणी तर नकोच. तोंडाने फुंकूही नका, श्वासातला ओलावा आत जातो.

तरीही पिन डुगडुगली, तर आधी दुसरी केबल लावून पाहा.