लास व्हेगासहून एका दिवसात हूवर धरण आणि ग्रँड कॅन्यन: गोव्यातून जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत मुलांकडे गेलेली गोव्यातील मंडळी लास व्हेगासला पोहोचली की एका दिवसात हूवर धरण आणि ग्रँड कॅन्यन दाखवणाऱ्या सहलींची पत्रके हातात पडतात. अशी सहल निवडताना पत्रकावरची स्थळे मोजत बसू नये. बसच्या बाहेर आपल्याला किती तास मिळणार, तेवढेच विचारावे. चांगला आयोजक त्याचे सरळ उत्तर देतो.

पहिला निर्णय कॅन्यनच्या कोणत्या कडेला जायचे हा आहे, कारण एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या जागा विकल्या जातात. दक्षिण कडा, म्हणजे साउथ रिम, हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून लास व्हेगासहून सुमारे ४५० किलोमीटर दूर आहे. पणजीहून पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत येण्याएवढा हा प्रवास आहे. रस्ते उत्तम असले तरी नऊ-एक तास बसमध्येच जातात. ग्रँड कॅन्यन वेस्ट मात्र सुमारे २०० किलोमीटरवर आहे. ती हुआलापाई या मूळनिवासी जमातीची भूमी असल्यामुळे राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. २००७ मध्ये खुला झालेला स्कायवॉक, म्हणजे दरीवर बाहेर काढलेला काचेच्या तळाचा पूल, इथेच आहे. त्यावर मोबाइल किंवा कॅमेरा नेण्यास बराच काळ बंदी होती, तेव्हा केवळ स्वतःच्या फोटोसाठी तिकीट काढणाऱ्यांनी सध्याचा नियम आधीच विचारून घ्यावा. बरोबर वयस्कर आईवडील असतील तर वेस्ट निवडावे. दरीची खरी व्याप्ती पाहायची असेल तर लांबचा प्रवास सोसून दक्षिण कडाच गाठावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दक्षिण कडेवरून तळ दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे आणि समोरची कडा कित्येक किलोमीटर पलीकडे आहे. दरीत उभ्या असलेल्या शिखरांपैकी काहींना विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल आणि शिवा टेंपल अशी नावे आहेत. ती मंदिरे नसून एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांनी दिलेली नावे आहेत, हे घरच्या ज्येष्ठांना आधीच सांगितलेले बरे. कडेवरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाशी दिसणारा विष्णू शिस्ट नावाचा काळसर खडक सुमारे १७५ कोटी वर्षांचा आहे. दक्षिण गोव्यातील काणकोणच्या परिसरातील नाईस जातीचा खडक ३०० कोटी वर्षांहून जुना असल्याने वयाच्या बाबतीत आपण मागे नाही. फरक इतकाच, की तिथे कोलोरॅडो नदीने खडकांचे थर उभे चिरून उघडे केले आहेत आणि ते झाकायला झाडी नाही.

हूवर धरण शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, आणि नेमके त्यालाच बहुतेक सहली कमी वेळ देतात. १९३१ ते १९३५ या काळात बांधलेली ही २२१ मीटर उंचीची भिंत पायथ्याशी सुमारे २०० मीटर जाड आहे आणि माथ्यावर अवघी १४ मीटर. घट्ट होताना काँक्रीट तापते. एवढा ढीग आपोआप थंड व्हायला अभियंत्यांच्या हिशेबाने सव्वाशे वर्षे लागली असती, म्हणून भिंतीच्या आत ९०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या बारीक नळ्या घालून त्यांतून थंड पाणी फिरवले गेले. काँक्रीट जेमतेम पाच फुटांच्या थरांनी ओतले जात असल्यामुळे भिंतीत मजूर गाडले गेल्याची कथा खरी नाही, जरी काही गाइड ती मोठ्या रंगात येऊन सांगतात.

धरणावर किमान दीड तास मिळेल अशीच सहल घ्यावी. धरणासमोर २०१० मध्ये खुल्या झालेल्या नव्या पुलावरून गाडीने जाताना कठड्यामुळे धरण दिसतच नाही. त्यासाठी उतरून पुलाच्या पदपथावर चालत जावे लागते, आणि भिंतीचा पूर्ण बाक तिथूनच नजरेत येतो. माथ्यावर नेवाडाच्या बाजूला पंख उभारलेल्या दोन कांस्यमूर्ती आहेत. शुभ म्हणून येणारे-जाणारे पायांची बोटे चोळतात, त्यामुळे सारी मूर्ती काळी-हिरवी आणि बोटे तेवढी लखलखीत पिवळी झाली आहेत. धरणामागच्या लेक मीड या जलाशयाच्या कडांवर पांढरा पट्टा दिसतो, ती उतरलेल्या पाण्याने मागे ठेवलेल्या क्षारांची खूण होय. याच जलाशयात बुडालेले सेंट थॉमस हे गाव पाणी ओसरल्यावर पुन्हा उघडे पडले. गोव्यातील साळावली धरणाच्या पाण्यातून उन्हाळ्यात वर येणारे कुर्डी गाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे वेगळे वर्णन नको.

पाण्याबाबत गोमंतकीयांची हमखास फसगत होते. आपल्याकडे घामाने अंगरखा भिजतो, म्हणून तहान ध्यानात येते. वाळवंटात घाम येताक्षणी सुकून जातो आणि अंग कोरडेच भासते. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे पाणी प्यावे आणि सोबत काहीतरी खारे खावे. दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच असल्याने चालताना दम लागतो, हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो आणि इतर दिवसांतही पहाटे-संध्याकाळी स्वेटर लागतो. दरीत उतरण्याचा मोह झाला तर जितका वेळ उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा. दिवसाच्या सहलीत मात्र तो मोह टाळलेलाच बरा. चवथ आटोपून सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये निघणाऱ्यांना हवामान सर्वांत चांगले मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तिथेही गडगडाटासह पाऊस येतो, आणि वीज चमकू लागल्यास कडेवरून लगेच मागे यावे.

एक गोंधळ घड्याळाचा होतो. धरणाच्या मध्यातून नेवाडा आणि ॲरिझोना यांची सीमा जाते. उन्हाळ्यात दोन्हीकडची वेळ सारखीच असते, पण नोव्हेंबर ते मार्च ॲरिझोना एक तास पुढे असते आणि मोबाइल आपोआप वेळ बदलत राहतो. म्हणून बसकडे परतण्याची वेळ गाइडच्या घड्याळाशी जुळवून घ्यावी. गाइड व चालक यांना टिप देण्याची पद्धत असल्याने सुटे डॉलर जवळ असावेत. परतायला रात्र होते आणि वाटेत खोळंबाही होऊ शकतो, त्यामुळे त्याच रात्रीचे विमान कधीही घेऊ नये.