बावीस मजले, अठरा फेऱ्या: मुंबईत राहून सहा हजारी शिखराची तयारी

आमच्या लालबागच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, तेव्हा सासूबाईंना सगळ्यात जास्त अप्रूप लिफ्टचं होतं. तीस वर्षं चाळीचे जिने चढून-उतरून त्यांचे गुडघे गेलेले. त्यामुळे पहाटे साडेपाचला मी पाठीवर सॅक टाकून जिन्याकडे वळले की त्या आतून विचारायच्या, "लिफ्ट बंद आहे का गं?"

टॉवर बावीस मजल्यांचा. मजल्याला तीन मीटर धरले तर एक फेरी ६६ मीटरची. मला चढायचं होतं लडाखमधलं कांग यात्से-२, उंची ६२५० मीटर. त्याचा बेस कँप साधारण ५१०० मीटरवर, म्हणजे शेवटच्या रात्री एका दमात ११५० मीटर. भागाकार केला, साडेसतरा आले. अठरा फेऱ्या. आयुष्य बँकेत गेल्यामुळे आकडा हातात आला की मला धीर येतो. अठरा फेऱ्या जमायला लागल्या, मी लेहचं तिकीट काढलं आणि बेस कँपवरून हात हलवत परत आले.

पाय उत्तम होते. चुकलं ते दिवसांचं गणित. म्हणून आधी तेच सांगते. जिने नंतर.

आधी दिवस मोजा

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण दादरला आणि हिमालयात तेच, २१ टक्के. फरक असतो हवेच्या दाबात. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच ऑक्सिजन हाती लागतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याच्या वेगानं. तुम्ही रोज किती जिने चढता याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. उलट दमदार माणूस जास्त अडकतो, कारण तो सगळ्यांच्या पुढे पळतो.

मुंबईत बसून ही सवय होत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी लेह शहराची उंची (सुमारे ३५०० मीटर) गाठता येत नाही. आणि आपण सकाळी समुद्रकाठून निघून विमानानं थेट तिथे उतरतो.

डॉक्टर आणि गिर्यारोहक दोघंही मानतात तो नियम असा: ३००० मीटरच्या वर, झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. दिवसा वर फिरून यायला हरकत नाही, झोपायला खाली या.

माझ्या पहिल्या मोहिमेचं वेळापत्रक 'मुंबई ते मुंबई नऊ दिवस' असं होतं. रजा वाचते म्हणून मला ते फार आवडलं. लेहमध्ये उतरल्यापासून पाचव्या दिवशी बेस कँप. त्या आयोजकांचं नाव घेत नाही, कारण कागद माझ्यासमोर होता आणि वजाबाकी मलाही येते. ४२५० मीटरवरच्या थाचुंगत्सेहून एका दिवसात ५१००. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी गाइडनं मला एका रेषेत, मागच्या पावलाच्या बोटांना पुढच्या पावलाची टाच लावत चालायला सांगितलं. तोल जात नव्हता, म्हणून घाबरण्यासारखं नव्हतं. पण माझी स्वतःची एक परीक्षा आहे, एकोणतीसचा पाढा. त्यात मी एकोणतीस सत्तेला अडकले आणि पुढे काही सुचेचना. खाली नेलं. आठशे मीटर उतरल्यावर दुपारपर्यंत डोकं असं स्वच्छ झालं की राग कुणावर काढावा तेच कळेना.

त्यामुळे दुसऱ्या वेळी मी आयोजकांना फोन केला तो वेळापत्रक पुढ्यात ठेवून. प्रत्येक मुक्कामापुढे उंची लिहिली, फरक काढला. लेहमध्ये तीन रात्री हव्यात. मग मार्खा खोऱ्यातून स्कियू, मार्खा, थाचुंगत्से, तिथून निमालिंग (सुमारे ४८०० मीटर), मग बेस कँप. बेस कँपवर एक पूर्ण दिवस मोकळा. आणि हवामान बिघडलं तर हाताशी आणखी एक दिवस. एकूण चौदा दिवस झाले, पैसेही जास्त लागले. मी बुटांत काटकसर केली, दिवसांत नाही.

फोनवर आणखी काय विचारायचं? एका गाइडमागे शिखराच्या दिवशी किती माणसं, हा पहिला प्रश्न. मी तीनच्या वर तयार नव्हते. दोरावर एक जण आजारी पडला तर त्याला खाली कोण नेणार आणि उरलेल्यांचं काय, हा दुसरा. गाइडनं कोणते कोर्स केलेत? बेसिकनंतर अॅडव्हान्स, मग मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन आणि सर्च अँड रेस्क्यू असे टप्पे असतात. ऑक्सिजनची नळकांडी बेस कँपवर असतात की लेहच्या ऑफिसात? शिखराची परवानगी कोण काढणार? या प्रश्नांवर "मॅडम, टेन्शन नका घेऊ" एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवा. एकानं मला उलट विचारलं, "तुम्ही याआधी किती उंचीवर झोपला आहात?" त्याच्याबरोबर गेले.

वय आणि रजा हाताशी असेल तर खरं तर एखाद्या संस्थेचा महिनाभराचा बेसिक कोर्सच करा. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची. मला जाग आली तेव्हा वयोमर्यादा उलटून गेली होती.

जिना

सहा महिने धरा. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर जानेवारीत सुरुवात. आठवड्यातून तीन दिवस जिना, एक दिवस सपाटीवर तासभर भरभर चाल (मी भायखळ्याच्या राणीच्या बागेत), रविवारी सह्याद्री.

पहिले तीन आठवडे सॅक रिकामी, चार फेऱ्या, उतरताना लिफ्ट. मग दर दोन आठवड्यांनी दोन किलो वाढवायचे. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या. गुडघे कुरकुरले तर वरच्या मजल्यावर पाणी कुंड्यांना घालून हलकं उतरता येतं. आमच्या गच्चीवरची तुळस त्या वर्षी अशी फोफावली की सोसायटीत चर्चा झाली. मे महिन्यापर्यंत दहा किलो आणि बारा फेऱ्या, उतरणंही जिन्यानेच. उतरण्याचा सराव टाळू नका. शिखरानंतर तेवढंच खाली यायचं असतं आणि मांड्या तिथे दगा देतात.

वेगाचं माप घड्याळावर नाही, बोलण्यावर ठेवा. चढताना पाढा म्हणायचा, मोठ्यानं. वाक्य तुटायला लागलं की पाय हळू करायचे, थांबायचं नाही. हे आम्हा मुंबईकरांना सगळ्यात अवघड जातं. आपल्याला आठ-बाराची लोकल पकडायची सवय, आणि मग डब्यात धापा टाकत उभं राहायचं. डोंगरावर ही रीत म्हणजे आजारपणाला आमंत्रण. लडाखमधला माझा गाइड सुरुवातीचे दोन दिवस दर वळणावर म्हणायचा, "दीदी, ट्रेन नहीं छूट रही."

त्यानंच जे शिकवलं ते आता मी जिन्यावर शिकवते: पुढचा पाय पायरीवर ठेवायचा, पण वजन लगेच टाकायचं नाही. मागचा पाय गुडघ्यात सरळ, सगळा भार त्याच्या हाडावर, मांडी सैल. एक श्वास. मग पाऊल. प्रत्येक पावलात अर्धा सेकंद विश्रांती मिळते. पहिल्या दिवशी वरातीत चालल्यासारखं वाटतं. खालच्या वॉचमननं मला विचारलंही, "मॅडम, तबियत ठीक है ना?"

रविवारी कळसूबाई, माहुली, खांडसहून भीमाशंकर, जे जमेल ते. दिवसाकाठी आठ-नऊ तास पायांवर उभं राहणं, हा मुद्दा. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार सलग चढाई करा. दमलेल्या पायांनी दुसऱ्या सकाळी उठता येतं का, ते बघायचं असतं. जून लागला की घाटातल्या शेवाळलेल्या वाटांवर पराक्रम नको. माझ्या ओळखीची एक मुलगी निघायच्या पंधरा दिवस आधी घोटा मुरगळून बसली. पाऊस सुरू झाला की मी पुन्हा जिन्यावर.

हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), जुमार (दोरावर चढायची पकड), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), हे शब्द लेहमध्ये पहिल्यांदा ऐकू नका. मुंबईतल्या एखाद्या गिर्यारोहण संस्थेबरोबर मुंब्र्याच्या कातळावर दोन-तीन रविवार घालवा. आणि घरी जाड हातमोजे घालून, दिवा मालवून, हार्नेसचं बकल लावायचा सराव करा. रात्री एक वाजता उणे तापमानात मोजे काढून खटपट केलीत तर बोटं पुन्हा ऊब धरत नाहीत.

डॉक्टर

हिमोग्लोबिन, रक्तदाब, ईसीजी, आणि चाळिशीपुढे स्ट्रेस टेस्ट. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते भरून यायला महिने लागतात, म्हणून ही तपासणी जानेवारीत, जूनमध्ये नाही. दाताच्या डॉक्टरकडेही जा. किडलेली दाढ उंचीवर छळते.

उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सबद्दल सगळे विचारतात. ही गोळी श्वास वाढवते आणि सवय होण्याला मदत करते. प्रतिबंधासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. स्वतःच्या मनानं घेऊ नका आणि ती घेतली म्हणून दिवस कापू नका.

लक्षणं मात्र तोंडपाठ हवीत. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं: थांबा, वर जाऊ नका. चालताना झोकांड्या, बोलण्यात गोंधळ: मेंदूला सूज. बसल्या जागी धाप, खोकला, गुलाबी फेस: फुप्फुसांत पाणी. शेवटच्या दोन्हींत उजाडायची वाट बघायची नाही, रात्रीसुद्धा खाली उतरवायचं. डोकेदुखी गाइडपासून लपवणारी माणसं मी दोन्ही मोहिमांत पाहिली. पहिल्या मोहिमेत ती मीच होते.

विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पॉलिसींत उंचीची मर्यादा असते आणि 'गिर्यारोहण' हा शब्द वगळलेल्या गोष्टींत बसलेला असतो.

सामान आणि डबा

सामानावर लोक तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात उरकते. डबल बूट (आत वेगळा उबदार बूट असलेले), क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे खिळे), आइस अॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) लेहमध्ये भाड्यानं मिळतात. बूट घालून लेहमध्येच तासभर चाला, बोटं पुढे आपटली तर बदलून घ्या. सुती कपडा अंगाला लागेल असा एकही नको, घामानं ओला झाला की तो वाळत नाही. मुंबईत आपण सुतीवर जगतो, म्हणून मुद्दाम सांगते. चांगला काळा चष्मा हवाच, बर्फावर दोन-तीन तास उघड्या डोळ्यांनी चालणं आंधळेपणाला पुरतं. हेडलॅम्पचे सेल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये.

खाणं मात्र घरून न्या. साडेचार हजारांच्या वर जेवण समोर आलं की नकोसं होतं. अशा वेळी पौष्टिक काय याला अर्थ नाही, तापात तुम्ही काय खाता ते आठवा. सासूबाईंनी बरणीत मेतकूट बांधून दिलं, लिंबाचं गोड लोणचं दिलं. तंबूत गरम मऊ भातावर मेतकूट आणि तूप कालवलं, तर गटातले दोन दिल्लीकरही ताट पुढे करायला लागले. शिखराच्या रात्री खिशात आलेपाक. चिक्की नेलीत तर आधी घरीच ठेचून न्या, थंडीत ती दाताला दाद देत नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूला धरतो आणि झाकण मोकळं राहतं.

शेवटची रात्र

बाराच्या सुमारास निघतात, पहाटेचा बर्फ घट्ट असतो म्हणून. परतायची वेळ निघण्याआधी गाइडकडून ऐकून घ्या आणि तंबूतल्या सोबत्यालाही सांगून ठेवा. आमची सकाळची दहा होती. दहाला जिथे असू तिथून मागे. मी पावणेनऊला वर होते, पंधरा मिनिटं. एकोणतीसचा पाढा शेवटपर्यंत आला. उतरताना मांड्यांनी मे महिन्यातले जिने आठवले.

रजेचं सांगायचं राहिलं. चौदा दिवसांच्या मोहिमेला सतरा दिवस मागा. लेहची बहुतेक विमानं सकाळची असतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. माझं झालं. तो जादा दिवस मी लेहच्या बाजारात जर्दाळू घेत घालवला आणि साहेबांना एकही फोन करावा लागला नाही. अर्ज मात्र फेब्रुवारीत द्या. मार्च एंडला कुणी सही करत नाही.