आशियाई खेळांभोवती प्राथमिक शाळेचं पहिलं सत्र कसं आखावं

जपानमधल्या आयची-नागोया इथे 20 वे आशियाई खेळ 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर 2026 या काळात आहेत. बडोद्याच्या शाळांना ही तारीख सोयीची पडते, कारण पहिलं सत्र तोवर रंगात आलेलं असतं आणि नवरात्र 11 ऑक्टोबरला बसतं. पण विषय खेळांचा घेतला की बहुतेक शाळांत झेंडे रंगवणं आणि तक्ते लावणं एवढंच होतं, तेही अर्धं पालकांच्या हातचं. इथे दिलेली आखणी उलट बाजूने सुरू होते: अभ्यासक्रमात आधीच असलेलं मोजमाप, वेळ, नकाशा आणि लेखन खेळांतून शिकवायचं, वेगळे तास काढायचे नाहीत.

आधी पंचांग आणि पाऊस

कॅलेंडर समोर ठेवून 6 जुलैपासून आठवडे मोजा. गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी 25 ला आहे. शाळेच्या स्वतःच्या स्पर्धा शनिवारी, 26 ला ठेवायचा मोह होईल, पण विसर्जनाची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते आणि मुलं सकाळी पेंगत येतात. 3 ऑक्टोबरही नको. आदल्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे निम्मी मुलं गावी. बुधवार, 30 सप्टेंबर बरा. तेव्हा पितृपक्ष असतो आणि बऱ्याच घरांत त्या दिवसांत नवे कपडे घेत नाहीत, म्हणून रंगीत टी-शर्ट सांगू नका. मनगटाला सुती पट्टी पुरते.

जुलै-ऑगस्टमध्ये मैदानाचा भरवसा नसतो. विश्वामित्री नदीला पाणी चढलं तर शाळाच बंद राहते. मैदानावरच्या प्रत्येक तासाला वर्गातला किंवा व्हरांड्यातला पर्याय आधीच लिहून ठेवा.

देश वाटून द्या, थोडेच

आशियाई ऑलिम्पिक परिषदेचे 45 सदस्य आहेत. सगळे घेतले तर एकही धड होत नाही. सहा पुरेत: जपान, इराण, नेपाळ, दक्षिण कोरिया, इंडोनेशिया, उझबेकिस्तान. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक तुकडीला एक देश द्या. भारत कुणालाच देऊ नका, नाहीतर पहिल्याच दिवशी भांडण. भारत सगळ्यांचा, शिवाय आपापला एक देश, असं सांगितलं की मुलं मान्य करतात.

झेंडा काढायचाच तर भूमितीसाठी काढा. जपानच्या झेंड्याची उंची आणि लांबी 2:3 या प्रमाणात असते आणि लाल वर्तुळाचा व्यास उंचीच्या तीन पंचमांश असतो. कागद 20 × 30 सेंमी घेतला तर व्यास 12, म्हणजे कंपास 6 सेंमीवर उघडायचा. पाचवीच्या मुलांना हे जमतं. तिसरीला नेपाळचा द्या, कारण तो चौकोनी नाही आणि ‘झेंडा म्हणजे आयत’ ही समजूत लगेच मोडते. कुठलाही झेंडा जमिनीवर आखू नका. काही देशांच्या झेंड्यांवर धार्मिक मजकूर असतो, आणि तिरंग्याचे नियम तर ठाऊकच आहेत.

जुलै: ग्लासगोवर रंगीत तालीम

राष्ट्रकुल खेळ ग्लासगोमध्ये 23 जुलै ते 2 ऑगस्टला आहेत. मुलं दोन्ही स्पर्धांची सरमिसळ करतात, तेव्हा दोन रंगांचे दोन तक्ते करा आणि ग्लासगोला सराव समजा. त्या दिवसांत ग्लासगोचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, नागोयाचं साडेतीन तास पुढे. कागदी ताटल्यांची तीन घड्याळं भिंतीवर लावा.

इथे एक चूक हमखास होते. नागोयात सकाळी 9 वाजता सामना असेल तर बडोद्यात किती वाजले, हे काढताना मुलं 9.00 मधून 3.30 दशांशासारखे वजा करतात आणि 5.70 असं उत्तर येतं. म्हणून आधी काटा पूर्ण तीन तास मागे न्यायला लावा, मग अर्धा. उत्तर साडेपाच. कागदावरची वजाबाकी त्यानंतर.

ऑगस्ट: कबड्डी, कारण ती इथली आहे

बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने 1923 मध्ये हुतूतूची नियमावली छापली. हाच खेळ 1990 च्या बीजिंगपासून आशियाई खेळांत आहे. क्रिकेटला वर्ग आपसूक वळतोच, या शहरात पठाण आणि पंड्या बंधूंची नावं पहिलीच्या मुलालाही सांगावी लागत नाहीत. म्हणून महिनाभर क्रिकेट बाजूला ठेवलेलं बरं.

पुरुषांचं मैदान 13 × 10 मीटर, महिलांचं 12 × 8. तिसरीने पावलांनी मोजावं आणि प्रत्येकाची पावलं वेगळी का येतात ते लिहावं. चौथीने 30 मीटरची टेप धरावी, पाचवीने क्षेत्रफळ काढावं: 130 आणि 96 चौरस मीटर, मग आपला वर्ग त्यात किती वेळा बसेल? रेषांसाठी चुना नको, तो डोळ्यांत गेला तर भाजतो. रांगोळी वापरा. व्हरांड्यात कागदी चिकटपट्टी.

चढाई 30 सेकंदांची. एक मूल खेळतं, दुसरं सेकंद मोजतं, तिसरं दोन वाक्यांत समालोचन करतं. भाषेचा तास तिथेच होतो: चढाई, पकड, निदान रेषा (चढाई करणाऱ्याने ओलांडायची रेषा), लोण (समोरचा सगळा संघ बाद होणं) हे शब्द मुलं वापरून शिकतात. फरशीवर पकड मात्र नको, तिथे फक्त स्पर्श.

सप्टेंबर: भाला आणि पदकतक्ता

मागचे आशियाई खेळ नावाने 2022 चे असले तरी कोविडमुळे हांगझोऊमध्ये 2023 साली झाले. त्यात नीरज चोप्राने 88.88 मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकलं. ऐकून मुलांना या आकड्याचं काही वाटत नाही, तो चालायला लावा. मैदान 40 मीटरचं असेल तर एकदा जायचं, परत यायचं आणि वर 8.88 मीटर.

शाळेतला भाला वर्तमानपत्राचा: चार पानं कोपऱ्यापासून तिरपी घट्ट गुंडाळा, पुढच्या टोकाला चिकटपट्टीचे सात-आठ जादा वेढे द्या. टोक जड नसेल तर भाला हवेत उलटतो आणि शेपटीवर पडतो. एका तुकडीला दहा भाले लागतात, ओले झाले की टाकून द्यावे लागतात. सगळे एकाच बाजूने फेकतील, आणि शिट्टी झाल्यावरच आणायला धावतील.

पदकतक्त्यासाठी हांगझोऊचे आकडे फळ्यावर लिहा. जपान: 52 सुवर्ण, 67 रौप्य, 69 कांस्य. दक्षिण कोरिया: 42, 59, 89. बेरीज करा, जपान 188, कोरिया 190. तरी जपान वर का? क्रम आधी सुवर्णांवर लागतो, हे मुलांनी स्वतः शोधावं. भारत 28, 38, 41, एकूण 107. यंदाचा अंदाज प्रत्येकाने 18 सप्टेंबरला पाकिटात बंद करायचा.

30 सप्टेंबरचा दिवस

मुलं 120 असतील तर सहा ठिकाणं, प्रत्येकी 20 मुलं. आठ मिनिटं खेळ, दोन मिनिटं जागा बदलणं, तासाभरात फेरी पूर्ण. ठिकाणं: जागेवरून लांब उडी, कागदी भाला, 30 सेकंद दोरीउड्या, कबड्डीचा दम, रिंग फेक, हलका चेंडू पायाने उडवत ठेवणं (आग्नेय आशियातल्या सेपाक तकराव या खेळाची सोपी आवृत्ती). लांब उडीला वेळ पुरत नाही, तिथे दोन पट्टे आखा. नोंदी सातवी-आठवीची मुलं करतील, त्यांना आदल्या दिवशी टेप शून्यापासून धरायला शिकवा. बऱ्याच टेपची कडी आणि शून्य एकाच जागी नसतात. सकाळी आठला सुरुवात करा, दहानंतर ऊन सोसवत नाही.

जिंकणाऱ्याचं नाव पुकारण्यापेक्षा जुलैतल्या आणि आताच्या नोंदीतला फरक प्रत्येकाच्या कार्डावर लिहा. त्यासाठी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात याच सहा गोष्टी एकदा मोजून ठेवाव्या लागतात, आणि नेमकं तेच राहून जातं.

पाकिटं 5 ऑक्टोबरला उघडा, अंदाज आणि खरा आकडा यांतली वजाबाकी करून घ्या. तक्ते 9 तारखेपर्यंत उतरवा, पुढच्या आठवड्यात त्याच हॉलमध्ये गरब्याचा सराव असतो.