कोविडची रॅपिड टेस्ट: या चुका टाळा, खासकरून निगेटिव्ह आल्यावरच्या

मे २०२१ मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) घरी करायची पहिली किट मंजूर केली, पुण्याच्या मायलॅबची कोव्हिसेल्फ, २५० रुपयांची. तेव्हापासून घरात, सोसायटीत, नातेवाईकांत ही टेस्ट कशी कशी चुकते ते मी इतक्यांदा बघितलंय की आता सगळं एकदा लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी चूक स्वॅबची नाही, ती एकच रेघ दिसल्यावर, म्हणजे निगेटिव्ह आल्यावर होते. आमच्याकडे साखरपुड्याच्या आदल्या रात्री मामांचा घसा खवखवत होता म्हणून टेस्ट केली, निगेटिव्ह आली, मग दुसऱ्या दिवशी मास्क न लावता सगळ्यांसोबत पंगतीला बसले, आणि तिसऱ्या दिवशी परत केली तर दोन रेघा. तोवर आजीला ताप आला होता. किट खराब नव्हती हो. ही रॅपिड टेस्ट म्हणजे अँटिजेन टेस्ट, तिला नाकात व्हायरसचं प्रोटीन भरपूर असावं लागतं, लॅबमधल्या आरटीपीसीआरमध्ये थोडासा व्हायरस असला तरी त्याच्या कॉप्या वाढवून तो पकडतात, तसं इथे होत नाही, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत ती सहज हुकते. लक्षणं आहेत आणि रॅपिड निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, हे आयसीएमआर २०२० पासून सांगत होतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) ऑगस्ट २०२२ मध्ये घरच्या टेस्टसाठी सांगितलं की निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी परत करा, लक्षणं असतील तर किमान २ वेळा, नसतील तर ३ वेळा. म्हणजे आजची निगेटिव्ह ही आजच्यापुरतीच, उद्याच्या लग्नाचा पास नाही.

हे घराला लागू तसंच अख्ख्या देशालाही. स्लोव्हाकियाने ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२० ला, दोनच दिवसांत, ३६ लाखांवर लोकांची अँटिजेन टेस्ट केली, साधारण ३८ हजार पॉझिटिव्ह निघाले, ते आणि त्यांच्या घरचे क्वारंटाइन झाले. जिथे आठवड्याने परत टेस्ट केली तिथे पॉझिटिव्हचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं, अर्थात तेव्हा इतर निर्बंधही होते, सगळं श्रेय टेस्टला देता येत नाही. पण पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे परत मोठी लाट आली. मला यातून एवढंच दिसतं की एकदा मोठी मोहीम काढून भागत नाही, थोड्या थोड्या दिवसांनी करत राहावं लागतं, आणि पॉझिटिव्ह माणसाला घरी बसणं परवडेल असं बघावं लागतं. रोजंदारीवाल्याचा दिवस बुडणार असेल तर तो टेस्टला येईलच कशाला?

आता हाताने होणाऱ्या चुका. नाकाच्या टोकाशी स्वॅब टेकवून काढू नका, किटच्या कागदावर लिहिलंय तितका, साधारण २ ते ४ सेंटीमीटर आत घाला आणि दोन्ही नाकपुड्यांत आतल्या बाजूला टेकवून ५-५ वेळा फिरवा. मग ट्यूबमध्ये नीट दाबून घुसळा. किट फ्रिजमधून काढली असेल तर आधी रूमच्या तापमानाला येऊ द्या, आणि दुपारी बंद गाडीत तर ठेवूच नका. थेंब जितके सांगितलेत तितकेच, जास्त टाकले म्हणून जास्त खात्री होत नाही. कोव्हिसेल्फला १५ मिनिटांनी बघायचं, २० च्या पुढे जे दिसेल ते धरायचं नाही, दुसऱ्या कंपनीची असेल तर तिचा कागद बघा. सीची रेघ, म्हणजे टेस्ट नीट झाली हे दाखवणारी, तीच आली नाही तर टेस्ट बाद. आणि टीची, म्हणजे व्हायरस सापडल्याची रेघ फिकट आली तरी ती पॉझिटिव्हच, टॉर्च लावून घरात मतदान घेऊ नका!

रॅपिड म्हटलं की सगळं एकच समजणं हीपण चूक. एप्रिल २०२० मध्ये ज्या किट वापरायचं आयसीएमआरने राज्यांना थांबवायला लावलं त्या रक्तातल्या अँटिबॉडीच्या होत्या, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर जे प्रोटीन बनवतं त्याच्या. अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा किंवा जास्तच लागतो, त्यामुळे आज हा माणूस दुसऱ्याला कोविड देतोय का ते त्यावरून कळत नाही.

आणि टेस्ट करायच्या आधीच ठरवून ठेवा की पॉझिटिव्ह आली तर कुठल्या खोलीत राहायचं, डबा दाराशी कोण ठेवणार, आजी-आजोबांना कोण बघणार, ऑफिसला कोण कळवणार. आमच्याकडे हे दोन रेघा दिसल्यावर सुरू झालं, आणि त्या तासभरात सगळे त्याच हॉलमध्ये बसून बोलत होते.