स्वयंचलित गोदामाला विद्यार्थ्यांची औद्योगिक भेट कशी आखावी

नाशिकमधील विद्यार्थ्यांना स्वयंचलित गोदाम दाखवायचे असेल, तर त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना रविवार कारंजा परिसरातील एखाद्या घाऊक व्यापाऱ्याचे साधे गोदाम दाखवून आणावे, असा माझा आग्रह असतो. साखरेची पोती कोणत्या थप्पीत आणि तूरडाळ कुठे, हे तिथल्या जुन्या हमालाच्या डोक्यात असते; तो रजेवर गेला की मालकालाही शोधाशोध करावी लागते. स्वयंचलित गोदामात हीच आठवण संगणकाकडे सोपवलेली असते. हा फरक प्रत्यक्ष पाहिलेल्या विद्यार्थ्याला तिथली यंत्रे नुसती गंमत वाटत नाहीत.

सातपूर, अंबड किंवा सिन्नर येथील कंपनीला संस्थेच्या लेटरहेडवर निदान महिनाभर आधी पत्र द्यावे आणि त्यात विद्यार्थिसंख्येबरोबरच नेमके काय पाहायचे आहे तेही लिहावे. माल रवाना करण्याची घाई असते तो महिनाअखेरचा आठवडा टाळावा. बस सिन्नरला जाणार असेल, तर द्वारका चौकातील कोंडी गृहीत धरून निघावे.

एका तुकडीत पंधरा-वीसच विद्यार्थी असावेत. पहिल्या भेटीत मी पंचेचाळीस जणांना एकत्र नेले होते आणि कन्व्हेयरच्या आवाजात मागच्या तीस जणांना एक शब्दही ऐकू आला नाही. पायांत पुढून बंद असलेले बूट असावेत, ओढणी किंवा सैल कपडे नसावेत, केस बांधलेले असावेत. मोबाइल बहुधा प्रवेशद्वारावरच जमा करावे लागतात, म्हणून प्रत्येक गटाकडे सेकंदकाटा असलेले एक मनगटी घड्याळ आणि वही द्यावी.

आत गेल्यावर सगळे पाहण्याच्या नादी न लागता एकाच पॅलेटचा, म्हणजे माल रचून उचलण्यासाठीच्या सपाट फळीचा, माग काढावा. माल आत येताना बारकोड वाचला जातो, वजन आणि आकार तपासला जातो, आणि बाहेर डोकावणारे खोके असलेले पॅलेट बाजूला काढले जाते. कारण अरुंद गल्लीत ते रॅकला अडकले तर ती गल्लीच बंद पडते. पुढे स्टॅकर क्रेन, म्हणजे रॅकमधल्या गल्लीत धावून कप्प्यांत माल ठेवणारे-काढणारे यंत्र, ते पॅलेट उचलते. ही क्रेन आडवी आणि उभी एकाच वेळी सरकते, त्यामुळे एखाद्या कप्प्यापर्यंत पोहोचण्याचा वेळ म्हणजे दोन्ही वेळांची बेरीज नसून त्यांतील जो मोठा तो, हे विद्यार्थ्यांनी मोजून स्वतःच शोधावे.

मोजणीसाठी क्रेनच्या दहा फेऱ्या पुरतात. समजा, केवळ माल ठेवून रिकामी परतणारी फेरी सरासरी 90 सेकंदांची असेल, तर तासाला 40 पॅलेट हलतात. पण एक ठेवून येताना दुसरे आणणारी फेरी 120 सेकंदांची असली, तरी तासाला 30 फेऱ्यांत 60 पॅलेट हलतात. रिकामा परतणारा ट्रक कोणत्याही वाहतूकदाराला का खुपतो, हे या आकड्यांवरून चटकन समजते.

प्रश्न विचारण्याची वेळ आली की क्रेनची किंमत विचारण्यापेक्षा जागेबद्दल विचारावे. जास्त खपाचा माल दाराजवळ ठेवतात, एवढे पुस्तकात असते. मात्र तो सगळा एकाच गल्लीत का ठेवत नाहीत, हे तिथल्या पर्यवेक्षकाकडूनच ऐकावे. त्या गल्लीची क्रेन बंद पडली, तर अख्खा माल अडकून पडतो. फाटलेला बारकोड, खंडित झालेला वीजपुरवठा आणि दुरुस्तीसाठी कुंपणाचे दार उघडताच थांबणारी यंत्रे यांविषयीही विचारावे. माझ्या अनुभवात पर्यवेक्षक याच विषयांवर मनापासून बोलतात.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहून घेताना कंपनीचा इतिहास उतरवण्यास सक्त मनाई करावी. आपल्या पॅलेटचा मार्ग दाखवणारी आकृती, मोजलेल्या वेळांचा तक्ता आणि अनुत्तरित राहिलेला एक प्रश्न एवढेच मागावे, आणि ते प्रश्न आभारपत्रासोबत कंपनीकडे पाठवावेत.